मालकानं फोडायचं सील

विश्रांतवाडीत रामदास डोंगरदिव्यांकडे गेमिंगचा कॉम्प्युटर बनवून घ्यायला जाणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी जो शब्द ऐकायला मिळे तो म्हणजे "थांबा". गिऱ्हाईक उतावीळ असे, त्याच्या डोळ्यांसमोर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नाचत असे, आणि हा माणूस चष्मा कपाळावर ढकलून म्हणे, "प्रोसेसर आत्ता घेऊ नका. सहा आठवड्यांनी नवा येतोय, मग याचाच भाव उतरेल. रॅम मात्र या आठवड्यात उचला. आणि ते कॅबिनेट विसरा. दिसायला लग्नाच्या मांडवासारखं आहे, पण आत हवा खेळत नाही. तुम्हाला त्यात गेम खेळायचेत, अक्षता टाकायच्या नाहीत." पुण्यात सल्ला फुकट मिळतो आणि बहुतेकदा त्याच लायकीचा असतो. रामदासचा तसा नसे. तो वहीचं पान फाडून त्यावर यादी लिही, प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या महिन्यात घ्यायची तेही लिही, आणि ते पान घेऊन गेलेला माणूस सहसा पस्तावत नसे.

एरवी त्याच्याकडे बघून कुणाला काही विशेष वाटलं नसतं. बुटका, केस मागे सरलेले, शर्टाच्या खिशात टेस्टर. हिंजवडीच्या एका कंपनीत तो वीस वर्षं डेस्कटॉप सपोर्टला होता. म्हणजे इंजिनिअर लोकांचे माऊस बदलायचे, त्यांनी कीबोर्डवर सांडलेली कॉफी पुसायची आणि 'बंद करून चालू केलंत का' हा प्रश्न दिवसातून चाळीस वेळा चेहऱ्यावर काहीही न दाखवता विचारायचा. रविवारी मात्र तो स्वतःचा मालक असे.

तो मूळचा मेहकरकडचा. आयटीआय करून शहाण्णव साली पुण्यात आला आणि येरवड्यात कॉट बेसिसवर राहिला. शेजारच्या कॉटवर त्याच्याच तालुक्यातला शंभू मापारी होता. दोघांत मिळून एकच बरी पँट होती. मुलाखत ज्याची, पँट त्याची. शेवटी दोघांना एकाच दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम लागलं, तेव्हा दुसरी पँट घ्यावी लागली. त्या वर्षांत पुण्याला कॉम्प्युटरचं वेडच लागलं होतं. ज्याचा भाचा अमेरिकेला गेला तो कॉम्प्युटर घेई, आणि ज्याचा गेला नाही तो आपला तरी जावा म्हणून घेई.

दुकानाचा मालक जुने पार्ट पुसून नव्या खोक्यात भरत असे, हे या दोघांना माहीत नव्हतं. सरुबाई म्हणून एक नर्स होत्या. त्यांनी मुलासाठी मशीन नेलं, ते आठ दिवसांत बंद पडलं. त्या दुकानात आल्या आणि मालकाकडे बघितलंही नाही. सरळ रामदासपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच बसवलंत ना, आपल्या हातानं?" बसवलं होतं. त्याच संध्याकाळी रामदास आणि शंभू दोघांनीही ते काम सोडलं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या संध्याकाळी शंभू तिथे होता. सरुबाईंचा चेहरा त्यानंही बघितला होता.

पुढे शंभूनं पेठेत एका तळघरात स्वतःचं दुकान काढलं. रामदासनं नोकरी धरली आणि एक नियम धरला. कुठल्याही पार्टचं सील त्यानं स्वतः फोडायचं नाही. ते ज्याची वस्तू त्या मालकानं फोडायचं, त्याच्या घरी, घरच्यांसमोर. जमिनीवर चादर अंथरायची, सगळी खोकी ओळीनं मांडायची, मालकाच्या हातात ब्लेड द्यायचं. त्यानं सील कापायचं, खोक्यावरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, मग आतल्या वस्तूवरचा वाचायचा. जुळला की वस्तू रामदासच्या हातात. त्याआधी त्याचं बोट लागणार नाही. लोकांना हे सगळं सत्यनारायणासारखं वाटे. काही जण हसत. रामदास हसत नसे. यादीतली प्रत्येक वस्तू तो शंभूकडूनच घेई, आणि वीस वर्षांत एकदाही नंबर चुकला नव्हता.

दोन हजार वीसच्या डिसेंबरात लोणी काळभोरचे कोंडीराम काळभोर मुलीला घेऊन त्याच्याकडे आले. ऊस, नर्सरी, दारात दोन गाड्या असा मोठा बारदाना. मुलगी राजनंदिनी कॉलेजात शिकत होती आणि ऑनलाइन स्पर्धांमध्ये गेम खेळत होती. मुलगी गेम खेळते याची कोंडीरामांना लाज वाटत नव्हती, उलट थोडा अभिमानच होता, आणि तो लपवायला ते तिच्यावर खेकसत.

"दिवसभर ठो ठो चालतंय घरात," ते म्हणाले. "पर पुन्यातल्या पोरांस्नी हरवती, म्हनून गप ऱ्हातो. आडनाव काय म्हनलात तुमचं?"

"डोंगरदिवे."

"हां," कोंडीराम म्हणाले. आडनाव ऐकून माणसं मनातल्या मनात काय काय ठरवून टाकतात ते रामदासला मेहकरपासून माहीत होतं. त्यानं वही उघडली.

राजनंदिनी स्वतःची यादी घेऊन आली होती. ती चांगली होती. रामदासनं तिच्यात दोनच बदल केले, आणि ते का केले हे तिला विचारावं लागलं नाही. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, मोठा केला तेव्हा ती म्हणाली, "पुढचं मोठं कार्ड पेलावं म्हणून ना काका?" वीस वर्षांत असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. इंजिनिअरसुद्धा आधी दिव्यांचा रंग विचारत.

अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. रामदासचा नेहमीचा हिशेब असा, की कार्ड सगळ्यात शेवटी घ्यायचं, कारण तेच सगळ्यात लवकर जुनं होतं. पण त्या वर्षी सगळं उलटं झालं होतं. घरात कोंडलेली अर्धी दुनिया गेम खेळत होती आणि उरलेली अर्धी कार्डांच्या रांगा लावून क्रिप्टोचं मायनिंग, म्हणजे रात्रंदिवस मशीन राबवून आभासी पैसा पाडायचा उद्योग, करत होती. बाजारात कार्ड दिसत नव्हतं, आणि दिसलंच तर त्याचा भाव ऐकून माणूस खाली बसे. तेव्हा रामदासनं आयुष्यात पहिल्यांदा यादीच्या वरच्या ओळीत लिहिलं, 'ग्राफिक्स कार्ड, मिळेल तेव्हा, सर्वांत आधी.' बाकीचं सावकाश जमवू.

फेब्रुवारीत शंभूचा फोन आला. "ये लवकर. एक ठेवलं तुझ्यासाठी."

गिऱ्हाइकांशी शंभू अगदी पेठेतलं, कापून दिल्यासारखं बोले. रामदासशी मात्र गावाकडचं. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खोकं काउंटरखालून काढून दिलं. "पुऱ्या पुण्यात कोनाले भेटून नाही राह्यलं बे. छापील भावात देतो तुले. बसू नको, कोनी पाह्यलं तर मले बोंबलत येईन."

रामदासला भरून आलं. घरी येऊन त्यानं ते खोकं कपाटात ठेवलं, किल्ली खिशात टाकली आणि बायकोला, जयाला म्हणाला, "माणूस जपावा तर असा. दुसरा असता तर तिप्पट भावात विकून मोकळा झाला असता."

"उघडून तरी बघा एकदा," जया म्हणाली. "एवढी महागाची वस्तू."

"आपलं नाही ते. ज्याचं त्यानं उघडायचं."

नियमावर बोलून उपयोग नसतो हे जयाला लग्नापासून माहीत होतं.

मार्चमध्ये रॅम आली, मदरबोर्ड आला. एप्रिलमध्ये पुणं पुन्हा बंद झालं, आणि प्रोसेसर मुंबईतच अडकला. कॅबिनेट जूनमध्ये हाती लागलं. एरवी वस्तू घेतल्यापासून मालकानं सील फोडेपर्यंत फार तर एक आठवडा जाई. या वेळी कार्ड चार महिने कपाटात पडून राहिलं. या चार महिन्यांचा विचार वेळेचा एवढा जाणकार म्हणवणाऱ्या रामदासच्या मनात एकदाही आला नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी लोणीच्या घरात चादर अंथरली गेली. कोंडीराम सोफ्यावर, त्यांच्या पत्नी दुर्गाबाई दाराशी, चुलत्यांची चार-पाच माणसं भिंतीला टेकून. राजनंदिनीनं ब्लेड घेतलं आणि एकेक सील कापत गेली. मदरबोर्ड जुळला. रॅम जुळली. प्रोसेसर जुळला. कार्डाचं खोकं तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, लहान मुलं ताटातला गोड घास ठेवतात तसं. सील कापलं, नंबर वाचला, कार्ड बाहेर काढलं, उलटं केलं, आणि ती थांबली.

"काका, शेवटचे चार आकडे जुळत नाहीयेत."

रामदासनं चष्मा खाली ओढला. आकडे जुळत नव्हते. मग त्याला बाकीचंही दिसलं. पंख्याच्या पात्यांमधल्या जाळीत बसलेली काळी धूळ, स्क्रूंची झिजलेली डोकी, उष्णतेनं पिवळट पडलेली पट्टी. दीड-दोन वर्षं रात्रंदिवस राबवलेलं कार्ड होतं ते. तरी त्यानं ते लावून बघितलं. पंखा खडखडला आणि पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या.

मग कोंडीरामांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "किती दिस हुतं हे तुमच्याकडं?"

"चार महिने."

"कुठं ठिवलं हुतं?"

"कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"तुमीच कामाला हाय न्हवं कॉम्प्युटरच्या कंपनीत?"

"हो."

प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरानं तो जास्तच खोल जात होता. सील अभंग होतं, हे त्याला सांगायचं होतं. पण सील पुन्हा कसं लावतात हे या खोलीत फक्त त्यालाच माहीत असणार, हेही त्याच्या लक्षात आलं. तो एवढंच म्हणाला, "मी बघतो. आठ दिवस द्या."

"बघा," कोंडीराम म्हणाले.

सोमवारी तो कामावर न जाता शंभूच्या तळघरात गेला. वाटेत त्यानं शंभूसाठी पन्नास सबबी शोधल्या होत्या. वरच्या डीलरनं फसवलं असेल. गोडाऊनमध्ये अदलाबदल झाली असेल. त्यानं कार्ड काउंटरवर ठेवलं, शंभूनं ते उचलूनसुद्धा बघितलं नाही, आणि तेवढ्यानं सगळ्या सबबी संपल्या.

"तूच बदललंस," रामदास म्हणाला.

शंभूनं शटर अर्धं ओढलं. "तुले खोकं द्यायच्या आधीच मायनिंगवाला आला होता. वीस नवी पाहिजेत म्हने, आणि त्याच्याकडची जुनी मीच उचलायची. एक कमी पडत होतं. मी परत देनारच होतो तुले, बाजार उतरला की."

"माझ्याच खोक्यातलं काढलंस? दुकानात एवढी गिऱ्हाइकं येतात."

"ते काउंटरवरच फोडून पाह्यतात." शंभू मान खाली घालून वायरींचं भेंडोळं सोडवत होता. "तू फोडत नाहीस. मले मालूम होतं."

रामदासला आपण काय ऐकलं ते कळायला थोडा वेळ लागला. याला राग म्हणावा की काय, हेच त्याला समजेना. ज्या संध्याकाळी दोघांनी मिळून काम सोडलं, त्या संध्याकाळपासून हा माणूस त्याचा नियम जवळून बघत होता. इतर लोक हसत तेव्हा हा त्याची बाजू घेई. आणि एवढं सगळं बघून यानं त्यातून काय उचललं, तर चार महिने बंद राहणारं एक खोकं. रामदासला शंभूच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी रडावंसंही वाटलं. दोन्हींतलं त्यानं काहीच केलं नाही.

"सरुबाई आठवतात का तुला?" त्यानं विचारलं.

"चोवीस वर्षं झाली त्याले," शंभू म्हणाला. "धंदा काय असतो ते तुले नाही समजायचं. महिन्याच्या महिन्याला पगार येतो तुझा." मग तो जरा नरमला. बाजारात कार्डं पुन्हा दिसू लागली होती. शनिवारपर्यंत नवं कोरं देतो, म्हणाला.

"कार्ड तर देशीलच. पण लोणीला यायचं. कोंडीरामांपुढे उभं राहून सांगायचं, की मी बदललं म्हणून. त्या घरात ते मला चोर समजतात."

"येतो ना."

"शपथ घे."

"अरे येतो म्हनलं ना. एका पँटीत दिवस काढले आपन."

शनिवारी शंभूनं शब्दाप्रमाणे कार्ड दिलं. या वेळी मात्र रामदासनं काउंटरवर उभं राहून सील नीट उजेडात धरलं, आणि शंभूनं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. रविवारी सकाळी दहाला हडपसरच्या गाडीतळावर भेटायचं ठरलं होतं. रामदास पावणेदहालाच पोचला. साडेदहापर्यंत तो सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या बघत उभा राहिला. फोन केला तर वाजून बंद झाला. अकराला पुन्हा केला तेव्हा शंभूनं उचलला, आणि मागे गिऱ्हाइकं असावीत, कारण तो पेठेतलं मराठी बोलला. "अरे, दुकानात फार गर्दी आहे. तू जाऊन सांग ना. तुझ्या शब्दाला किंमत आहे तिथं."

रामदासनं फोन ठेवला. परत घरी जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण आठ दिवसांचा शब्द दिला होता, आणि राजनंदिनीची स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती. त्यानं गाडीला किक मारली.

लोणीच्या घरात या वेळी चादर अंथरलेली नव्हती. तीच मागच्या वेळची माणसं मात्र होती. रामदासनं खोकं राजनंदिनीच्या हातात दिलं. तिनं सील फोडलं, नंबर वाचले, सगळे आकडे जुळले. त्यानं कार्ड बसवलं. पडदा उजळला, पंखे हलक्या आवाजात फिरू लागले, आणि राजनंदिनीचा चेहरा असा फुलला की रामदास क्षणभर सगळं विसरला. यादी बरोबर होती. मशीन फार सुरेख झालं होतं.

मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "एक सांगायचंय. जुनं कार्ड मी घातलं नव्हतं. ज्याच्याकडून घेतलं त्या दुकानदारानं बदललं होतं. माझा मित्र आहे तो. आज तो स्वतः येऊन सांगणार होता."

"मग कुठं हाय?" भिंतीजवळच्या एकानं विचारलं.

"आला नाही."

कुणीतरी खोकलं. कोंडीरामांनी हात वर करून त्या माणसाला गप्प केलं आणि ते उठून रामदासजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

"असू द्या," ते म्हणाले. "मित्र तर मित्र. वस्तू आणून दिली न्हवं परत? मग इषय संपला. मी कुठं बोलायचा न्हाई."

"तसं नाही साहेब. मी खरंच..."

"मानूस हाय, मोह हुतो." त्यांनी रामदासच्या खांद्यावर हात ठेवला. "पर अडचन हुती तर आदी सांगायचं. आमी काय परके हाय का?"

रामदासनं खोलीतल्या माणसांकडे बघितलं. सगळे त्याच्याकडे समजुतीनं बघत होते. नवं कार्ड आणलं नसतं तर तो चोर ठरला असता. आणलं, म्हणून पस्तावलेला चोर ठरला. काही बोललं तरी त्यांना तो आपला लाजिरवाणा बचावच वाटणार होता.

राजनंदिनी खुर्चीतून वळली. तिच्या डोळ्यांत निखळ आनंद होता, आणि थोडा विजयही. "बघा बाबा, मी म्हटलं होतं की नाही," ती म्हणाली. "तुम्ही पोलिसांत जाणार होता. मी सांगत होते, काका तसे नाहीयेत, ते परत आणून देतील."

हे तिनं त्याच्या बाजूनं म्हटलं होतं. त्या घरात त्याच्या बाजूची ती एकटीच होती. आठवडाभर ती घरच्यांशी भांडली असणार, हे रामदासला कळलं, आणि शंभूवर आला नव्हता एवढा राग त्याला त्या पोरीच्या भलेपणाचा आला.

दुर्गाबाईंनी चहा आणून पुढे धरला. रामदासनं तो उभ्या उभ्याच घेतला. न पिता निघाला असता तर त्याचाही त्यांनी अर्थ लावला असता.